वर्गात मुलांचं मन लागतं, ते कशामुळे?

पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डोकं चांगलं आहे हो त्याचं, पण अभ्यासात मनच लागत नाही." बोलणाऱ्या कधी बाई असतात, कधी सर, कधी खुद्द आई. सगळे माना डोलावतात. त्यानंतरचे उपायही ठरलेले असतात: मोबाइल काढून घ्या, शिकवणी लावा, जवळ बसवून अभ्यास घ्या, पहिल्या पाचात आला तर सायकल कबूल करा.

या सगळ्या बोलण्यामागे एक समजूत आहे. मन लागणं हा मुलाचा गुण आहे. काहींच्या अंगात तो असतो, काहींच्या नसतो. नसेल तर धाकाने नाहीतर आमिषाने तो आणायचा. गेल्या पन्नास-साठ वर्षांत संशोधकांनी आणि जाणत्या शिक्षकांनी वर्गात बसून जे पाहिलं, ते या समजुतीच्या उलट जातं. एकाच मुलाचं मन गणिताच्या तासाला उडतं आणि मधल्या सुट्टीनंतर चित्रकलेत रमतं. एका बाईंच्या वर्गात गप्प राहणारी मुलगी दुसऱ्या बाईंच्या वर्गात हात वर करून करून थकते. मूल तेच असतं. बदलतं ते समोरचं काम, शिकवणारं माणूस आणि शेजारी बसलेल्यांचं वागणं. प्रेरणा या सगळ्यांच्या मधे तयार होते, आणि तिथेच मरतेही.

नारळ विकणारा मुलगा

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालूसिया श्लीमन या संशोधकांनी एक छोटा अभ्यास केला. तो 1985 साली प्रसिद्ध झाला. बाजारात आईवडिलांबरोबर नारळ, लिंबं, फळं विकणाऱ्या पाच मुलांकडे ते गिऱ्हाईक म्हणून गेले. बारा वर्षांच्या एका मुलाला त्यांनी विचारलं, "एक नारळ 35 ला, मग चार नारळांचे किती?" तो पुटपुटला, "तीन नारळांचे 105, त्यात 30 म्हणजे 135... एक नारळ 35 चा... 140." उत्तर बरोबर. काही दिवसांनी त्याच मुलाला कागदावर 35 गुणिले 4 करायला दिलं. तो म्हणाला, "चार पाचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस." आणि त्याने लिहिलं 200.

बाजारात या मुलांची सुमारे 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तशीच गणितं नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तेव्हा 37 टक्के. पाचच मुलांचा अभ्यास, म्हणून तो बाजूला सारता येत नाही. 2025 मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर फार मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातही हीच दरी दिसली. त्यात आणखी एक गोष्ट दिसली: शाळेतली मुलं पुस्तकी गणितात बरी होती, पण बाजारातल्या हिशेबात अडखळत होती.

आपल्या आठवडी बाजारात वडिलांशेजारी बसून मेथीच्या जुड्यांचा हिशेब करणारं पोर सोमवारी वर्गात मख्खासारखं बसतं, तेव्हा आपण त्याला आळशी म्हणतो. वास्तविक बाजारात त्याला आकड्यांचा अर्थ माहीत असतो. चूक झाली तर पैसे जातात, म्हणून उत्तर पटतंय का हे ते स्वतःच तपासतं. वर्गात हातचा कशाचा असतो, हेच त्याला कोणी दाखवलेलं नसतं. आपण ज्याला मन न लागणं म्हणतो, त्यातलं पुष्कळसं अर्थ न लागणं असतं.

शांत वर्ग म्हणजे रमलेला वर्ग नव्हे

मुलं शिकण्यात गुंतली आहेत हे ओळखायचं कसं? जेनिफर फ्रेडरिक्स, फिलिस ब्लुमेनफेल्ड आणि ॲलिसन पॅरिस यांनी 2004 साली आधीच्या बऱ्याच संशोधनाची उजळणी करून या गुंतण्याचे तीन पदर वेगळे केले. पहिला वागण्यातला: मूल हजर आहे, वही उघडी आहे, सांगितलेलं करतं. दुसरा भावनेतला: वर्गात त्याला बरं वाटतं, उत्सुकता वाटते, की भीती आणि कंटाळा? तिसरा विचारातला: ते डोकं चालवतंय का, नवीन गोष्ट जुन्याशी जोडून पाहतंय का, अडलं तर दुसरी वाट शोधतंय का.

हे तीन पदर एकमेकांना चिकटलेले नसतात. फळ्यावरचं उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवून घेणारा चाळीस जणांचा वर्ग वागण्याच्या दृष्टीने पूर्ण गुंतलेला दिसतो, आणि विचाराच्या पातळीवर तिथे काहीही चाललेलं नसतं. हाताची घडी, तोंडावर बोट घेतलेला वर्ग तपासणीला आलेल्या साहेबांना आवडतो. उलट एका गटात तीन मुली तावातावाने भांडताहेत की पावसाचं पाणी जमिनीत मुरलं तर विहिरीत कुठून येतं, तेव्हा बाहेरून जाणाऱ्याला तो गोंधळ वाटतो. "समजलं का?" या प्रश्नाला येणारं एकसुरी "होऽऽ" हा तर केवळ पहिल्या पदराचा आवाज. त्यात कोणाला समजलं आणि कोणाला नाही, हे बाईंना कळायला काही मार्ग नाही.

या गोंधळामुळे आपले उपायही चुकतात. शिस्त लावून आपण पहिला पदर घट्ट करतो आणि तिसरा आपोआप येईल असं मानतो. तो तसा येत नाही.

"जमेल का?" आणि "कशासाठी?"

कोणतंही काम समोर आलं की मूल नकळत दोन प्रश्नांची उत्तरं शोधतं. मला हे जमेल का? आणि हे मी का करू? जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून ज्या सिद्धांतावर काम केलं, त्याच्या गाभ्याशी हे दोन प्रश्न आहेत. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही दोन उत्तरं एकमेकांची उणीव सहज भरून काढत नाहीत. ती बेरजेपेक्षा गुणाकारासारखी वागतात. शिक्षण किती मोलाचं आहे हे पोटतिडकीने कितीही सांगा; मुलाच्या मनात पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाहीच जमणार" असं असेल, तर शून्याने गुणल्यावर हाती शून्यच येतं.

आपल्या शाळांमध्ये पहिला प्रश्नच जास्त दुखरा आहे असं माझं मत आहे, आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. 'असर' या नावाने ग्रामीण भारतात 2005 पासून घरोघरी जाऊन होणाऱ्या पाहण्या वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगतात: पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत नाही. आता त्या निम्म्यांपैकी एखाद्या मुलाच्या जागी बसून पाहा. परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडलं आहे. शेजारचा मुलगा धडा वाचतोय. तुम्हाला जोडाक्षरापाशी अडायला होतं, तोवर वर्ग पुढच्या परिच्छेदावर गेलेला असतो. असं रोज होतं. अशा वेळी खिडकीबाहेर पाहणं हा आळस म्हणता येणार नाही. हरणं ठरलेल्या खेळातून ते मूल शहाणपणाने अंग काढून घेत असतं.

यावर मुंबई महापालिकेच्या शाळांमध्ये फार मोलाचा प्रयोग झाला. 'प्रथम' या संस्थेने तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी 'बालसखी' नेमल्या. या वस्तीतल्याच तरुण मुली होत्या. त्या रोज शाळेच्या वेळातले सुमारे दोन तास अशा मुलांना वेगळं घेऊन, त्यांना जिथपर्यंत येतं तिथपासून शिकवत. मुंबई आणि वडोदरा इथे अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी याचं काटेकोर मूल्यमापन केलं. मुलांचं शिकणं स्पष्ट सुधारलं, आणि सर्वांत मागे असलेल्यांचं सर्वाधिक. पुढे यातूनच इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत वाढली. ती देशातल्या अनेक राज्यांत आणि आफ्रिकेतल्या देशांतही गेली.

या पद्धतीत प्रेरणेवर भाषण नाही, बक्षीस नाही. मुलाला आज जमेल असं आणि कालच्यापेक्षा किंचित कठीण असं काम त्याच्या हाती पडतं, एवढंच. मग मूल स्वतःच पुढचं मागायला लागतं. शिक्षक हे वारंवार सांगतात, आणि सिद्धांतही तेच सांगतो: जमण्याचा अनुभव आधी येतो, आवड त्यामागून येते. आपण मात्र आधी आवड असली पाहिजे असा हट्ट धरतो.

किंमत कोण मोजतं?

दोन प्रश्नांच्या जोडीला एक तिसरा हिशेब असतो: हे करायचं तर मला काय गमवावं लागेल? वर्गात चुकीचं उत्तर दिलं तर मुलं हसतील, ही किंमत. घरी लहान भावाला कोण सांभाळणार, हीसुद्धा किंमत. पहिली शाळेच्या आत मोजली जाते, दुसरी बाहेर.

दुसऱ्या प्रकारची किंमत ओळखणारं काम आपल्याकडे फार आधी झालं आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर रुजलं. हा तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. वारली मुलं शाळेत येत नव्हती. "या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही" हे उत्तर तयार होतं, आणि आजही ते ऐकू येतं. ताराबाई आणि अनुताईंनी ते स्वीकारलं नाही. मुलं कुठे आहेत ते त्यांनी पाहिलं. काही गुरं चारायला कुरणात गेलेली असत. म्हणून शाळाच कुरणात गेली, आणि तिचं नाव पडलं कुरणशाळा. काही मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी असत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. भावंडाला पाळण्यात ठेवून ताई शेजारच्या वर्गात बसू लागली. या रचनेला विकासवाडी म्हणत. शिकायचं साहित्य शिंपले, बिया, पानं, खडे, म्हणजे मुलांच्या हाताला ओळखीचं.

'कमी प्रेरणा' असं ज्याचं निदान सहज झालं असतं, ते प्रत्यक्षात गुरं आणि तान्ही भावंडं यांचं ओझं होतं. आज ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल चार-पाच महिन्यांनी वर्गात परततं आणि गप्प बसून राहतं, तेव्हाही निदान असंच घाईने केलं जातं.

भाषेची किंमत याच हिशेबात येते. घरी वारली, कातकरी, गोंडी, अहिराणी बोलणारं मूल पहिलीत येतं आणि पहिल्याच आठवड्यात त्याचं प्रत्येक वाक्य दुरुस्त होतं. महिन्याभरात ते बोलणंच बंद करतं. चूक होण्यापेक्षा गप्प राहणं स्वस्त. ज्या वर्गात बाई आधी मुलाच्या भाषेतली गोष्ट ऐकतात, तीच फळ्यावर लिहितात आणि मग हळूहळू प्रमाण मराठीकडे नेतात, तिथे ही किंमत मोजावी लागत नाही.

बक्षिसाचं काय करायचं?

इथे जरा थांबायला हवं, कारण घरात आणि शाळेत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हत्यार हेच आहे.

1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालशाळेत एक प्रयोग केला. तीन ते पाच वर्षांची, स्केचपेनांनी चित्र काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, "चित्र काढलंस तर तुला हे प्रमाणपत्र मिळेल." त्यावर सोनेरी चांदणी होती, फीत होती. दुसऱ्या गटाला काही न सांगता, चित्र काढून झाल्यावर तेच प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेनं नुसती मांडून ठेवली आणि कोण किती वेळ चित्र काढतं ते लपून पाहिलं. बक्षीस न मिळालेल्या मुलांनी मोकळ्या वेळातला सुमारे 17 टक्के वेळ चित्रांत घालवला, अचानक मिळालेल्यांनी 18 टक्के. ज्यांना आधी कबूल करून दिलं होतं, त्यांचा वेळ 9 टक्क्यांपेक्षाही कमी भरला. त्यांची गोडी जवळजवळ अर्धी झाली.

असं का होतं? मुलं स्वतःच्या वागण्याचं कारण शोधत असतात. "मी चित्र काढतो, कारण मला आवडतं" या जागी "मी चित्र काढतो, कारण प्रमाणपत्र मिळतं" हे कारण येऊन बसतं. प्रमाणपत्र थांबलं की कारणही संपतं. लक्षात घेण्यासारखं आहे की बक्षिसाने नुकसान केलं नाही, अटीने केलं. अचानक मिळालेल्या बक्षिसाने काही बिघडलं नाही.

यावर पुढे संशोधकांमध्ये बराच वाद झाला. काहींनी सुमारे शंभर प्रयोगांची गोळाबेरीज करून बक्षिसं निरुपद्रवी ठरवली. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी 1999 मध्ये 128 प्रयोग पुन्हा तपासून दाखवलं की आवडीच्या कामावर लावलेलं, कबूल केलेलं, हातात घेता येणारं बक्षीस गोडी कमी करतं. तोंडी कौतुक सहसा करत नाही. मला या वादातून व्यवहारी निष्कर्ष असा दिसतो: ज्या कामात मुलाला मुळीच रस नाही, तिथे सुरुवातीचा धक्का म्हणून छोटं बक्षीस चालेल, कारण तिथे मारण्यासारखी गोडीच नसते. पण गोष्टी ऐकण्याचा, वाचनाचा, प्रयोग करून पाहण्याचा आनंद जिथे आधीच आहे, तिथे चांदण्या आणि गुणांचे तक्ते लावू नयेत. "जो सर्वांत जास्त पुस्तकं वाचेल त्याला बक्षीस" अशी स्पर्धा लागली की मुलं कपाटातली सर्वांत बारीक पुस्तकं शोधू लागतात. त्यात त्यांचा दोष नाही. स्पर्धेने जे मागितलं, ते त्यांनी दिलं.

डेसी आणि रायन यांनी या कामातून पुढे जो सिद्धांत मांडला, त्यात माणसाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत. आपण हे आपल्या मनाने करतोय असं वाटणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि इथल्या लोकांना आपण हवे आहोत असं वाटणं. या तिन्ही भागल्या की बाहेरून ढकलावं लागत नाही. पहिल्या गरजेबद्दल गैरसमज फार आहे. आपल्या मनाने म्हणजे वाटेल ते करू देणं नव्हे. दहा गणितांपैकी कोणतीही सहा सोडव, निबंधाचे तीन विषय आहेत त्यातला एक घे, हे उत्तर तुझ्या रीतीने काढून दाखव: एवढी मोकळीकही पुरते. आणि जिथे निवड देता येत नाही, तिथे कारण सांगावं. पाढे पाठ का करायचे, हे आठ वर्षांच्या मुलाला समजेल अशा शब्दांत सांगता येतं. "मी सांगतोय म्हणून" हे कारण होत नाही.

गुण आणि शेरा

इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांचा 1988 चा अभ्यास प्रत्येक शिक्षकाने ऐकावा असा आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना काही कामं दिली. तपासल्यावर एका गटाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त शेरा लिहिला, तिसऱ्याला दोन्ही दिले. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम पुढच्या वेळी सुधारलं आणि त्यांचा रसही टिकला. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना जास्त फायदा व्हायला हवा होता, पण तसं झालं नाही. ते नुसत्या गुणवाल्यांच्याच वाटेने गेले. मूल आधी गुण पाहतं, मग शेजाऱ्याचे पाहतं, आणि मग वही मिटतं.

महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना अगदी योग्य होती. पण नोंदी हे कागद भरण्याचं काम झालं, तयार नोंदींची पुस्तकं बाजारात आली, आणि "वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो" असं वाक्य वर्गातल्या अर्ध्या मुलांपुढे लिहिलं जाऊ लागलं. अशा शेऱ्यातून मुलाला पुढे काय करायचं ते कळत नाही. "अपूर्णांकांची बेरीज करताना तू छेदही मिळवतोस, उद्या कागदाच्या घड्या घालून अर्धा आणि पाव एकत्र करून बघू" हा शेरा कामाचा. तो सगळ्या मुलांना रोज लिहिणं अशक्य आहे, हे मान्य. रोज पाच वह्यांवर लिहिला तरी चाळीस जणांच्या वर्गात आठ-नऊ दिवसांत प्रत्येकाचा नंबर लागतो.

कौतुकाचंही तसंच आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये दाखवलं की कोडी सोडवल्यावर "तू हुशार आहेस" असं ऐकलेली मुलं पुढच्या वेळी सोपी कोडी निवडतात आणि कठीण आलं की लवकर हात टेकतात. "तू मेहनत घेतलीस" असं ऐकलेली कठीण कोड्यांकडे वळतात. हुशार ठरलेल्याला हुशारी सांभाळायची असते, म्हणून चुकण्याचा धोका तो घेत नाही. आपल्या वर्गांतल्या 'स्कॉलर' बाकावरच्या मुलांची ही भीती फारशी कोणी पाहत नाही. मात्र यावरून भिंतीवर "प्रयत्नांती परमेश्वर" लिहून भागेल असं नाही. मुलांना ही गोष्ट नुसती समजावून सांगण्याचे मोठे प्रयोग पुढे झाले आणि त्यांचा परिणाम लहानच निघाला. चुकलेलं उत्तर वर्गात कसं हाताळलं जातं, यावर सारं ठरतं.

तीन सेकंद

सर्वांत स्वस्त उपाय सांगतो. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञान-शिक्षण संशोधकांनी 1970 च्या आसपास शेकडो तासांची ध्वनिमुद्रणं ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती थांबतात? सुमारे एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर प्रश्न पुन्हा विचारला जातो, दुसऱ्याकडे जातो, किंवा शिक्षकच उत्तर देऊन टाकतात. रो यांनी शिक्षकांना किमान तीन सेकंद थांबायला शिकवलं. उत्तरं लांब झाली. कारणं देऊन बोलणं वाढलं. मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली, आणि एरवी गप्प असणारी बोलू लागली. मग त्या मुलांबद्दलची शिक्षकांची अपेक्षाही बदलली.

एका सेकंदात ज्याचं उत्तर तयार असतं, तोच हात वर करतो. बाकीचे दोन महिन्यांत शिकतात की आपण विचार करायला सुरुवात करेपर्यंत दुसरा कोणीतरी बोलणार आहे, तेव्हा सुरुवातच कशाला करा. तीन सेकंदांची शांतता वर्गात फार लांब वाटते, म्हणून ती सरावाने आणावी लागते. तिच्या जोडीला आपली जुनी पाटी घ्यावी. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी पाटीवर लिहायचं, "दाखवा" म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. कोणालाही एकट्याने उभं राहावं लागत नाही, लपताही येत नाही, आणि बाईंना एका नजरेत कळतं की कुठे अडलं आहे. इतकं गुणी साधन आपण दप्तरातून काढून टाकलं, याची मला खरोखर हळहळ वाटते.

शिक्षकाची प्रेरणा

डेसी आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये केलेला आणखी एक प्रयोग आहे. काही लोकांना शिक्षकाची भूमिका देऊन कोडी शिकवायला सांगितली. त्यातल्या निम्म्यांना बजावलं, "तुमचे विद्यार्थी ठरावीक दर्जाला पोचले पाहिजेत, ही तुमची जबाबदारी." बाकीच्यांना तसं काही सांगितलं नाही. दबावाखालचे लोक जवळजवळ दुप्पट बोलले, जास्त हुकूम सोडत राहिले, आणि विद्यार्थ्यांना स्वतः कोडं सोडवायला कमी वाव दिला. वाईट शिकवायचं असं कोणी ठरवलं नव्हतं. दबाव वरून खाली आपोआप झिरपला.

द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता एका खोलीत असतात. मतदार यादीचं काम असतं, पोषण आहाराचा हिशेब असतो, दुपारपर्यंत भरायची ऑनलाइन माहिती असते, आणि वर पोर्शन संपवायची तारीख असते. अशा माणसाला प्रश्न विचारून तीन सेकंद थांबणं परवडत नाही; उत्तर स्वतः सांगून पुढे जाणं हा त्याच्या परिस्थितीतला सरळ मार्ग आहे. स्वतःच्या कामात निवड नाही, जमतंय ही भावना नाही, भेटायला येणारा फक्त रजिस्टर तपासतो, अशा स्थितीत त्याने मुलांना या तिन्ही गोष्टी कुठून द्याव्यात? म्हणून मुलांच्या प्रेरणेचा प्रश्न शिक्षकांच्या कामाच्या रचनेपासून तोडून सोडवता येईल असं मला वाटत नाही. पहिली मागणी तिथे हवी: शिकवण्याव्यतिरिक्तची कामं कमी करा, आणि धडा किती दिवसांत शिकवायचा हे ठरवायची मुभा शिक्षकाला द्या.

ती मागणी मान्य होईपर्यंत एक गोष्ट शाळेतल्या शाळेत, कोणाच्या परवानगीशिवाय करता येते. सहकारी शिक्षकाला एका तासाला मागे बसवावं. कागदावर वर्गाच्या बैठकीचा आराखडा काढावा, प्रत्येक मुलासाठी एक चौकोन. जो मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या शब्दांत काही बोलेल, त्याच्या चौकोनात एक रेघ मारायची. एकसुरी "हो" मोजायचं नाही. असे चार-पाच तास झाले की कोणत्या बाकांवर रेघांची गर्दी आहे आणि कोणते चौकोन कोरे राहिले, ते समोर येतं. पुढच्या आठवड्यातले पहिले प्रश्न त्या कोऱ्या चौकोनांतल्या मुलांना विचारायचे, त्यांना जमतील असे, आणि विचारून झाल्यावर थांबायचं.